लाडू वळतात, दोरही वळतात

लोणावळ्याच्या बाजारात चिक्की घेताना एक गंमत लक्षात आली का कधी? कढईत तोच गूळ, तेच भाजलेले दाणे. गरम मिश्रण पाटावर ओतून त्यावर लाटणं फिरवलं की चिक्की होते, आणि तेच तळहाताला तूप लावून गोल फिरवलं की लाडू. चिक्की लाटतात, लाडू वळतात. इथवर ठीक. पण मग दोर का वळतात? लाडू गोल गरगरीत, दोर शेपटीसारखा लांब. दोघांत साम्य ते काय? बरं, वाती वळतात, शेवया वळतात, गुराखी गुरं वळतो, भीतीनं बोबडी वळते आणि खंडाळ्याच्या घाटात रस्ताही वळतो.

आता हात बघा. एक तळहात खाली, एक वर, मध्ये गुळाचा गोळा. वरचा हात गोल फिरला की लाडू. तेच दोन तळहात, मध्ये कापूस. वरचा हात सरळ पुढे सरकला की वात. मांडीवर वाख ठेवून वरून तळहात सरकवला की दोराचा पेड. हालचाल एकच: दोन पृष्ठभाग एकमेकांवरून सरकतात आणि मधली वस्तू लोळते. वाट गोल असली तर गोळा होतो, सरळ असली तर दोरा. मराठीनं वस्तूचा आकार पाहिलाच नाही, तिनं हाताची हालचाल पाहिली आणि तिला नाव दिलं!

इंग्रजी समानार्थी शब्दांचा कोश उघडलात तर पिळण्या-गुंफण्या-वेढण्याच्या क्रियापदांची ही लांबलचक यादी मिळते. ट्विस्ट, ट्वाइन, वाइंड, कॉइल, रीद, रॅप, लूप. पुष्कळदा एकाच्या जागी दुसरं खपूनही जातं. मराठीत तशी अदलाबदल करून पाहा. ओला टॉवेल वळा. नाक पिळा. करंजीला मुरगाळा. लोहगडाला गुंडाळा. हसू आलं ना? आपण कान पिळतो, नाक मुरडतो, हात पिरगाळतो आणि आपला पाय मुरगळतो. मान मुरडली तर तो नखरा आणि मान मुरगाळली तर तो खून. एवढ्याशा फरकावर माणूस फासावर जाऊ शकतो. मग यांना समानार्थी म्हणायचं कसं?

माझं म्हणणं असं, की यातलं एकेक क्रियापद म्हणजे एकेक छोटं यंत्र आहे. त्याच्या पोटात थोडं भौतिकशास्त्र, थोडं गणित दडलेलं आहे. ते उलगडून बघायला मावळासारखी जागा नाही. इथे दोर आहेत, बांबू आहे, वेली आहेत, गड आहेत, आणि या सगळ्यांवर कडी करणारा घाट आहे.

दोरापासूनच सुरुवात करू. पवन मावळातल्या एका ओसरीवर एक आजोबा घायपाताचा वाख घेऊन दावं वळत बसले होते. वाखाचा एकेक धागा हातभर, फार तर दीड हात. दावं मात्र चांगलं आठ-दहा हात झालेलं. गाठ एकही नाही, चिकटवलेलं काही नाही. मी विचारलं, "आजोबा, हे सुटत कसं नाही?" ते मान वर न करताच म्हणाले, "सुटायलाच बगतंय ते. म्हनून तर सुटत न्हाई."

मला वाटलं, म्हातारा थट्टा करतोय. घरी येऊन प्रयोग केला. तुम्हीही करा, दोन मिनिटांचं काम आहे. हातभर जाड दोरा घ्या. एक टोक कुणाला तरी धरायला द्या आणि दुसरं टोक एकाच दिशेनं पिळत राहा. हळूहळू दोरा हट्टाला पेटतो, बोटांतून निसटू बघतो. आता त्याच्या मध्यावर बोट ठेवून दोन्ही टोकं एकत्र आणा आणि बोट काढा. सर्रकन दोन्ही पदर एकमेकांभोवती आपोआप गुंडाळले जातात, आणि शांत होतात. ओढा, झटका, खाली टाका, ते आता सुटत नाहीत.

झालं काय? एकेका पदराला उलगडायचं होतं. उलगडण्याच्या धडपडीत तो शेजाऱ्याभोवती फिरला. ही जोडी सुटायची तर दोघांना पुन्हा उलट फिरावं लागेल, आणि उलट फिरणं म्हणजे प्रत्येकाच्या आतला पीळ वाढणं. तो कुणालाच नको आहे. दोन भावांपैकी प्रत्येकाला घर सोडून जायचंय, पण एकाची पिशवी दुसऱ्याच्या पिशवीत अडकली आहे, तसं. सुटायला बघतंय म्हणूनच सुटत नाही. आजोबांनी एका वाक्यात सांगितलं होतं.

म्हणजे दोरात दोन क्रिया आहेत आणि मराठीत त्यांना दोन शब्द आहेत. आधी धागे पिळायचे, मग पिळलेले पेड उलट दिशेनं एकत्र वळायचे. पिळण्यानं शक्ती साठते, वळण्यानं तिला कुलूप बसतं.

पण मूळ कोडं राहिलंच. हातभर धाग्यांपासून शंभर हात दोर होतो आणि तो ओढला तरी धागे एकमेकांतून घसरून निघत नाहीत, हे कसं? हा प्रश्न गॅलिलिओलाही पडला होता. १६३८ साली छापलेल्या 'दोन नवी शास्त्रे' या ग्रंथात त्यानं जवळपास हेच विचारलं आहे, आणि आकडाही हातांच्याच मापात: दोन-तीन हात लांबीच्या तंतूंचा शंभर हातांचा दोर होतो कसा? उत्तर आहे दाब. सरळ ठेवलेल्या धाग्यांची मोळी ओढली तर धागे नुसते सरकतात. पिळलेले धागे मात्र मळसूत्रासारखे फिरत गेलेले असतात. ते ओढले की आतल्या अंगाला दबतात आणि शेजाऱ्याला आवळून धरतात. जितका ताण जास्त, तितकी मिठी घट्ट. ज्या जोरानं दोर तुटायचा, तोच जोर त्याला बांधून ठेवतो!

आता जरा भाषेकडे बघा. 'पिळणे' आलं आहे संस्कृत 'पीड्' धातूवरून, आणि त्याचा मूळ अर्थ आहे दाबणे. 'पीडा' हा शब्दही त्याच घरचा. म्हणजे पीळ म्हणजे आतला दाब, ही गोष्ट गॅलिलिओच्या कितीतरी आधी शब्दाच्या पोटात जाऊन बसली होती. शोषणाला आपण 'पिळवणूक' म्हणतो तेही उगाच नाही.

इंग्रजीनंही इथे एक सुंदर गोष्ट पाहिली आहे, तिला दाद द्यायला हवी. ट्विस्ट आणि ट्वाइन हे दोन्ही शब्द 'टू', म्हणजे 'दोन' या अंकाशी नातं सांगतात. जुळ्यांना ट्विन म्हणतात, तेही त्याच कुळातलं. एकट्या धाग्याचा पीळ टिकत नाही, त्याला जोडीदार लागतो. मराठीनं दाब पाहिला, इंग्रजीनं जोडी पाहिली. दोघींनी मिळून दोर पुरा पाहिला.

किती पीळ द्यायचा? कमी दिला तर दोर ढिला, जास्त दिला तर गुंते पडतात. २०११ साली डेन्मार्कच्या दोन भौतिकशास्त्रज्ञांनी याचं गणित मांडलं. ठरावीक जाडीच्या पेडांना ठरावीक लांबीत जास्तीत जास्त किती वेढे बसू शकतात याला एक नेमकी मर्यादा आहे, आणि चांगला दोर वळणारा त्या मर्यादेला येऊन थांबतो. पेड कशाचे आहेत, याच्याशी या मर्यादेला देणंघेणं नाही, हा सगळा भूमितीचा कारभार. अंबाडीचा दोर असो की नायलॉनचा, आकडा तोच. ओसरीवरच्या बोटांना हा आकडा पाठ होता, फक्त तो कधी कागदावर उतरला नव्हता.

आणि ही बोटं किती जुनी? फ्रान्समधल्या आब्री द्यू मारास या निवाऱ्यात दगडी हत्याराला चिकटलेला एक दोरीचा तुकडा सापडला, तो २०२० मध्ये जगापुढे आला. लांबी जेमतेम सहा मिलिमीटर. वय चाळीस हजार वर्षांहून जास्त. झाडाच्या सालीचे तंतू, ते एका दिशेला पिळलेले, मग असे तीन पेड घेऊन उलट दिशेला वळलेले. तिपेडी दोरी, अगदी आपल्या दाव्यासारखी! आणि ती वळणारी माणसं आपल्या जातीची नव्हती. ते निअँडरथल होते. जे मानव पृथ्वीवरून केव्हाच नाहीसे झाले, त्यांच्या बोटांना पीळ आणि उलट पीळ ठाऊक होता. मला तर हे वाचून दाव्याला पाय लावायची हिंमत होत नाही.

जाता जाता, 'सुंभ जळतो पण पीळ जात नाही' ही म्हण खरी आहे. वाऱ्यापासून जपून एक तुकडा जाळून बघा. धागा जिथे आहे तिथेच जळतो, त्याची राख हलत नाही, आणि राखेची पांढरी नागमोडी दोरी तशीच पडून राहते. फुंकर मारेपर्यंत.

दोरासाठी वाखच लागतो असंही नाही. मावळात भाताची कापणी चालू असताना बघा. वडगावच्या भात संशोधन केंद्रातून १९८७ साली बाहेर पडलेला इंद्रायणी तांदूळ आता पुण्या-मुंबईच्या ताटात रोजचा झालाय. त्याच्या पेंढ्या बांधायला शेतकरी खिशातून सुतळी काढत नाही. मूठभर काड्या घेतो, पेंढीभोवती फिरवतो, दोन्ही टोकांना मिळून एक पीळ देतो आणि टोक खाली खोचतो. हा झाला आळा. गाठ नाहीच. आणि मग आपण वर्तमानपत्रात वाचतो की भ्रष्टाचाराला आळा घातला पाहिजे. बातमीदाराच्या डोळ्यांपुढे भाताची पेंढी असेल का?

वेणीची गोष्ट मात्र वेगळी. तिपेडी दोर आणि तिपेडी वेणी यांत कुणी गल्लत करू नये. दोरात तिन्ही पेड एकाच दिशेनं फिरतात, वेणीत डावा-उजवा आळीपाळीनं मधल्यावरून उडी मारतात. दोराला आतला पीळ लागतो, वेणीला नको. म्हणूनच वेणी 'वळत' नाहीत, 'घालतात'.

आता विणण्याकडे येऊ. इथे मराठीनं एकदम उलटी चाल खेळली आहे. पिळण्याच्या बाबतीत इतकी काटेकोर असलेली ही भाषा विणण्याच्या बाबतीत अगदी उदार. कापड विणतात, स्वेटर विणतात, बाज विणतात, टोपली विणतात आणि कार्ल्याच्या एकवीरेला दर वर्षी येणारे कोळी जाळंही विणतात. इंग्रजीला माग आणि लोकरीच्या सुया यांच्यासाठी वेगवेगळी क्रियापदं लागतात. खरं तर जाळ्यात उभे-आडवे धागे नसतातच, तिथे नुसत्या गाठी. तरी आपण म्हणतो विणलं. मला वाटतं, मराठीच्या दृष्टीनं विणणं म्हणजे एकच चमत्कार: जे रेषेसारखं होतं त्याचा पृष्ठभाग होणं. एक धागा धरून काही अडत नाही, पण तोच विणला की त्यात वारा अडतो, धान्य अडतं, मासा अडतो.

बुरुडाच्या हातातली कामटी बघा. एकीवरून, दुसरीखालून, पुन्हा एकीवरून. ना खिळा, ना डिंक. मग टोपली सुटत का नाही? कारण वाकवलेल्या बांबूला सरळ व्हायचं असतं. सरळ होण्यासाठी तो शेजारच्या पट्टीवर रेलतो, ती तिच्या शेजारणीवर, आणि सगळ्या मिळून एकमेकींना जागच्या जागी दाबून धरतात. पुन्हा तेच! ज्याला सुटायचंय, तोच बांधून ठेवतोय.

मोठ्या भोकांचं डालगं मिळालं तर भोकं मोजा. तीन दिशांनी पट्ट्या घालून केलेल्या विणीत षटकोनी भोकं पडतात, मधमाशीच्या पोळ्यासारखी. नुसत्या षटकोनांची वीण सपाट राहते, तिला कितीही समजावलं तरी ती वाटीसारखी होत नाही. मात्र एका जागी षटकोनाऐवजी पंचकोन पडू द्या. लगेच तिथे फुगवटा येतो. असे नेमके बारा पंचकोन पाडले की वीण स्वतःशीच मिटून चेंडू होते. अकरानं भागत नाही. फुटबॉलवरचे काळे पंचकोन मोजा, बाराच भरतील. १९८५ साली रसायनशास्त्रज्ञांना कार्बनच्या साठ अणूंचा एक गोल रेणू सापडला, त्यातही पंचकोन बाराच. टोपलीचं बूड गोलाकार करताना विणणारा कुठेतरी एक पट्टी कमी करतो, तेव्हा तो हाच नियम पाळत असतो.

भातखाचरांकाठी, पाण्यावर झुकलेल्या झाडांवर सुगरणीचे खोपे लटकतात. नाव सुगरण, विणकर मात्र नर. एकेका खोप्यासाठी तो पात्यांच्या पट्ट्या आणायला पाचशेपर्यंत फेऱ्या मारतो. भाताचं पान कडेला चोचीनं खाच पाडून धरायचं आणि उडायचं, की वीतभर ते दीड-दोन वीत लांबीची पट्टी सरळ फाटून येते. सालिम अलींनी १९३० मध्ये अलिबागजवळच्या किहीमला या पक्ष्यांच्या वसाहतीवर पाळत ठेवली आणि एक गमतीदार व्यवहार उघडकीला आणला. नर खोपा अर्धाच बांधतो, शिरस्त्राणाच्या आकाराचा. मादी येऊन तपासते. पसंत पडला तर ती राहते आणि मग नळीचं दार पुरं होतं. नाही पडला तर बिचारा अर्ध्यावर. पसंत पडल्यावर तो दुसरा खोपा सुरू करतो, दुसऱ्या मादीसाठी. बहिणाबाईंच्या कवितेमुळे सगळं श्रेय सुगरणीला गेलं, पण तिची परीक्षकाची नोकरीही सोपी नाही. याच्या आफ्रिकेतल्या भाऊबंदांवर प्रयोग झाले तेव्हा असं दिसलं, की लहानपणी पात्यांशी खेळायला न मिळालेले नर मोठेपणी धड विणू शकत नाहीत. चोचीलाही सराव लागतो.

आता वेढा. माझं सगळ्यात लाडकं क्रियापद.

लोणावळ्याजवळच्या कुरवंडे गावावर नागाच्या फण्यासारखा एक सुळका उभा आहे, नागफणी. इंग्रजांना त्यात वेलिंग्टनच्या ड्यूकचं नाक दिसलं, आपल्याला नाग. पसंत आपली आपली. सुट्टीच्या दिवशी तिथून दोरावरून उतरणारे लोक दिसतात. खाली शेकडो फूट दरी, आणि ऐंशी किलोचा माणूस स्वतःच्या एका हाताच्या सैल मुठीनं स्वतःचा वेग आवरत असतो. लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्र संस्थेची मंडळी कड्यात अडकलेल्यांना वर काढतात, तीही याच भरवशावर. मुठीत एवढं बळ येतं कुठून?

बळ मुठीत नसतं, वेढ्यात असतं. दोर कमरेच्या धातूच्या कडीभोवती फिरवलेला असतो. त्याचं गणित कळायला आपण गोठ्यात जाऊ. खुंटाला दोराचा एक वेढा द्या. दोर आणि लाकूड यांच्यातलं घर्षण मध्यम धरलं, म्हणजे घर्षणांक ०.३, तर तुम्ही एका टोकाला एक किलोचा जोर लावून दुसऱ्या टोकाचा साडेसहा किलोचा ओढा थोपवू शकता. दोन वेढे दिले तर? तेरा? नाही. त्रेचाळीस किलो! तीन वेढ्यांना दोनशे पंचाऐंशी. चौथ्याला पावणेदोन टनांच्याही वर. दर वेढ्याला बेरीज होत नाही, गुणाकार होतो. सावकाराच्या चक्रवाढ व्याजासारखा. पहिला वेढा जे धरतो ते दुसरा साडेसहापट करतो, तिसरा त्याच्याही साडेसहापट. अठराव्या शतकातला थोर गणिती ऑयलर यानं हे सूत्र मांडलं, आणि त्यातली सगळ्यात अजब गोष्ट पुढेच आहे: खुंट किती जाड, याला सूत्रात जागाच नाही. बोटाएवढी खुंटी असो की वडाचा बुंधा, मोजायचे ते फक्त वेढे. उधळलेला बैल आवरायला शेतकरी ओढत बसत नाही, धावत जाऊन कासऱ्याचे दोन फेरे मेढीला मारतो आणि निवांत उभा राहतो.

गडाला वेढा घालतात तोही याच शब्दानं. पण लोहगडानं या खेळात पलटवार केला आहे. त्याची वाट गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा अशा चार दारांतून वळत वळत चढते, आणि प्रत्येक वळणावर चढणारा वरच्यांच्या माऱ्याखाली येतो. शत्रू गडाला वेढतो आणि गड शत्रूला वळवतो. युनेस्कोनं २०२५ मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशात घेतलं, त्यात लोहगड आहे. तिथे गेलात तर दारं मोजू नका, आपण किती वेळा वळलो ते मोजा.

पावसाळ्यात याच डोंगरांवर जिवंत दोर चढू लागतात. वेल ज्या दिशेनं झाडाला वेटाळते ती दिशा ठरलेली असते, तिला लहर नसते. समोर उभं राहून बघा: वेल पुढच्या बाजूनं डावीकडून उजवीकडे वर चढतेय की उलट? २००७ साली नऊ देशांतल्या जंगलांतून मोजदाद झाली, तेव्हा सुमारे ब्याण्णव टक्के वेली डावीकडून उजवीकडे, म्हणजे साध्या स्क्रूसारख्या चढताना आढळल्या. 'सूर्यामागे फिरत असेल' असं वाटतं ना? मग दक्षिण गोलार्धात उलट व्हायला हवं. होत नाही. विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना तेच प्रमाण. मग दिशा ठरते ती पेशींच्या आतल्या रचनेतूनच असणार.

आणि उरलेल्या आठ टक्क्यांतला एक बंडखोर आपल्या ओळखीचा निघतो. करांदा आणि कोनफळ बघा. दोन्ही एकाच घराण्यातले कंद, पानंही हृदयाच्या आकाराची, पण एकाची वेल एका दिशेनं चढते आणि दुसऱ्याची बरोबर उलट. रानभाज्या आणि कंद गोळा करणाऱ्यांना खालचा कंद न खणता नुसत्या वेढ्यावरून ओळख पटू शकते. (कंद खणण्यात वाकबगार असलेल्या कातकऱ्यांच्या नावात मात्र 'कातणे' शोधू नका, तो कात खैराचा.)

करटुल्याची वेल याहून चतुर. ती स्वतः वेढे घेत नाही, बारीक ताणे पुढे सोडते. ताण्याचं टोक काडीला धरतं, आणि मग मधला भाग स्प्रिंगसारखा गुंडाळत वेलीला काडीजवळ ओढतो. पण अडचण बघा. दोन्ही टोकं बांधलेली असताना मध्ये पीळ भरायचा कसा? जुन्या टेलिफोनच्या वायरीला असा पीळ पडला की ती स्वतःलाच गुंडाळून बसायची. वेलीनं काढलेला तोडगा असा: अर्धा ताणा उजवीकडे गुंडाळायचा, अर्धा डावीकडे, आणि मधोमध एक छोटासा सरळ तुकडा ठेवायचा. उजवा पीळ अधिक डावा पीळ, बेरीज शून्य. डार्विननं १८६५ मध्ये वेलींवरच्या प्रबंधात हे बारकाईनं टिपलं. पुढच्या वेळी काकडीच्या किंवा दोडक्याच्या वेलीवर तो सरळ तुकडा शोधा, सापडला की दिवसभर दुसरं काही सुचत नाही.

आपल्या पेशींतही हीच अडचण आहे. एकूण दोन मीटर लांबीचा, दोन पदरी, पिळलेला डीएनएचा धागा तिथे कोंबलेला, आणि त्याची नक्कल करायची तर पदर उलगडायला हवेत. उलगडले की पुढे पीळ साचतो. पेशीनं वेलीसारखी युक्ती केली नाही. तिनं एक विकर ठेवलं आहे. ते धागा कापतं, पीळ सोडवतं आणि पुन्हा सांधतं, कात्री आणि डिंक एकाच हातात घेऊन.

आणि आता घाट. १८५६ साली बोरघाटात रेल्वेचं काम सुरू झालं आणि १८६३ साली गाडी चढली. मधल्या काळात ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये इथे येऊन थोड्याच दिवसांत वारला, तेव्हा त्याच्या बायकोनं, अ‍ॅलिसनं, ठेका पुढे चालवला. पंचवीस बोगदे, आणि सदतीस फूट पुढे गेलं की एक फूट वर अशी चढण. रस्ता कुठेही कोपरासारखा वळतो, रेल्वेला तसं वळता येत नाही. खंडाळ्याजवळ डोंगरानं जागाच दिली नाही तेव्हा तिथे रिव्हर्सिंग स्टेशन केलं. गाडी येऊन थांबायची, इंजिन पुढचं मागे लावायचं, आणि गाडी उलट तोंडानं पुढची चढण चढायची. न वळता वळण घ्यायची ही युक्ती. १९२९ च्या सुमारास नवे बोगदे झाले आणि ते स्टेशन निवृत्त झालं.

त्या 'रिव्हर्स' शब्दाच्या आत जरा डोकावा. त्यातला 'व्हर्स' आला लॅटिनच्या वळण्याच्या क्रियापदातून, आणि त्या क्रियापदाचा सख्खा चुलतभाऊ आहे संस्कृतातला 'वृत्'. वर्तुळ, आवर्तन, परिवर्तन, अगदी वर्तन आणि वर्तमानसुद्धा याच 'वृत्'ची लेकरं. म्हणजे इंग्रज इंजिनिअरांनी बोरघाटात पाटी लावली तेव्हा हजारो वर्षांपूर्वी वेगळा झालेला एक शब्द आपल्या भावंडांच्या घरी परत आला होता, आणि कुणीही कुणाला ओळखलं नाही.

मावळ-मुळशीच्या घराघरांत याच वर्तुळाभोवती एक मोठं विणकाम झालं. जात्याचा खुंटा धरून फिरवताना बायकांनी गायलेल्या ओव्या हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी १९८० च्या दशकापासून सहकाऱ्यांच्या मदतीनं गोळा केल्या. त्यांचा संग्रह एक लाखाच्या पुढे गेला. ओवी हा शब्द 'ओवणे'वरून आला असं पुष्कळांचं मत आहे, आणि जातं बघितलं की ते पटतंच. एक फेरा, एक चरण. हात गोल फिरतोय, पीठ गोल सांडतंय आणि तोंडातून सरळ धागा निघतोय.

परत लोणावळ्याच्या दुकानात येऊ. जुन्या पद्धतीचा दुकानदार अजून एखादा असतो. तो चिक्कीचा पुडा बांधायला वर टांगलेल्या रिळाचा दोरा खाली ओढतो, पुड्याभोवती उभा-आडवा गुंडाळतो, गाठ मारतो आणि कात्री शोधत नाही. दोऱ्याचे दोन वेढे स्वतःच्या बोटाला देतो आणि एक झटका मारतो. टक्. दोरा तुटतो, बोटावरून घसरत नाही. त्रेचाळीसपट.